सहमला राहिलेलं ताट

माय, तू होतीस तेव्हा मस्कतहून मी तुला लिहिलेली सगळी पत्रं एकसारखी असायची. आम्ही खुशाल, तुमची खुशाली कळवा, इथे ऊन फार, पोरगा वर्गात दुसरा आला. तुला वाचता येत नव्हतं. गल्लीतला कंपाउंडर दवाखान्याच्या पायरीवर बसून ती पत्रं मोठ्याने वाचायचा आणि पाण्याला निघालेल्या बायका घागरी खाली ठेवून ऐकायच्या. मनातलं काही लिहायचं म्हणजे चावडीवर डफ वाजवून सांगण्यासारखंच झालं असतं. तुला जाऊन आता तीस वर्षं होत आली. कंपाउंडरही गेला. म्हणून आज पहिल्यांदा पाय पसरून, मोकळेपणी लिहिते आहे.

मी मस्कतमध्येच, अल् घुब्राला, लेकाकडे असते. तुझा जावई गेला त्याला आठ वर्षं झाली. तू मांडीवर घेऊन ज्याला पेज भरवलीस तो तुझा नातू आता मोठा इंजिनियर आहे, हाताखाली पुष्कळ माणसं आहेत, आणि तोंडात इथलं 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला चला, इतकं बसलंय की मलाही जेवायला तसंच बोलावतो. सून बँकेत जाते. आणि त्यांची एकुलती एक लेक, तुझी पणती, इथल्या इंडियन शाळेत लहान मुलांना शिकवते. चोवीस वर्षांची आहे. तिचं मराठी म्हणजे ढिल्या चेनची सायकल, दर चार वाक्यांनी उतरते आणि मग ती इंग्रजीचा धक्का मारून पुढे जाते. पण पोर गुणाची. शाळेतून आली की जेवून माझ्या पलंगावर आडवी होते, आणि आम्ही दोघी पुस्तक वाचतो. एक पान तिचं, एक पान माझं.

कसली पुस्तकं म्हणशील, तर तीच. तू आणलेल्या पुस्तकाच्या जातीची. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, राजा वेडा झाला म्हणून युवराज कारभार बघायचा, तो काळ. त्यातले ड्यूक आणि लॉर्ड, त्यांचे बंगले, आणि लग्नाला आलेल्या पोरींना शहरात आणून नाचाच्या दिवाणखान्यात हारीने उभं करायची त्यांची रीत. एका पोरीने एकाच माणसाबरोबर दोनदा नाच केला की लोकांच्या भुवया वर, आणि तिसऱ्यांदा केला की लग्न ठरल्यातच जमा. गोरे साहेब सोडून जाताना इथे खोकी भरून पुस्तकं टाकून जातात, त्यातून मी वेचून आणते. कपाट भरलंय माझं. कुठला ड्यूक कुठल्या गरीब पोरीसाठी घराण्याशी भांडेल, हे मी पंधराव्या पानाला ओळखते. शाळा सातवीची असली तरी या विषयात मला कुणी हरवून दाखवावं.

आणि प्रत्येक पुस्तकात एक म्हातारी असते, माय. काळ्या रेशमातली, दांडीचा चष्मा डोळ्याला लावून बघणारी, ड्यूकची आत्या नाहीतर आजी. ती त्या गरीब पोरीला सगळ्यांदेखत असं काही बोलते की दिवाणखाना गप्प होतो. पणती आणि मी त्या म्हातारीला मनसोक्त शिव्या घालतो. पोर इंग्रजीत घालते, मी आपल्या.

तुला ते पहिलं पुस्तक आठवत असेल. तू कामाला जायचीस त्या छावणीतल्या बंगल्यावर बाईसाहेबांनी रद्दीत टाकलेलं, तू ओच्यात खोचून आणलंस. पुठ्ठ्यावर एक गोरी बाई, जिच्या झग्याची कंबर छातीखालीच सुरू होते, आणि मागे घोडागाडी. माझं शाळेतून नाव काढलं होतं, मी रडूनरडून घर डोक्यावर घेतलं होतं. तू ते पुस्तक माझ्यापुढे टाकून म्हणालीस, "शाळा सुटली तर सुटली. इंग्रजी नको सुटाया." तुला वाटलं, साहेबाच्या घरचं इंग्रजी म्हणजे डॉक्टर-वकील व्हायचंच असणार. कंपाउंडरकडून फाटकी डिक्शनरी मागून मी एकेक शब्द फोडत बसले. आठवड्याला एक पान व्हायचं. तू चुलीपुढे भाकरी थापत विचारायचीस, "मंग? पोचली का ती पोरगी?"

ती एका गरीब पाद्र्याची पोर, एका श्रीमंत म्हातारीकडे सोबतीण म्हणून राहिलेली. सोबतीण म्हणजे काय ते मी तुला समजावून सांगितलं, की म्हातारीच्या सुईत दोरा ओवायचा, तिला वाचून दाखवायचं, शाल आणून द्यायची. तू म्हणालीस, "म्हंजी मोलकरीणच की. फकस्त खुर्चीवर बसल्याली." आणि म्हातारीचा भाचा, तो ड्यूक, त्या पोरीच्या प्रेमात पडला तेव्हा तू परातीतलं पीठ झटकून म्हणालीस, "कर म्हणावं लगीन. दुसऱ्या दिवशी ताट कोण उचलतंय ते बघते मी."

ताटाचं तुझ्या मनात का होतं ते मला ठाऊक आहे. त्याच हिवाळ्यात बंगल्यावर मोठी जेवणावळ होती आणि तुझ्या मदतीला म्हणून मी आले होते. तू स्वयंपाकघरात होतीस. पाहुणे उठले, मी आपली हौसेने चार उष्टी ताटं एकावर एक रचून आत आणली. तू ती माझ्या हातातून घेतलीस, खाली ठेवलीस, आणि मला दंडाला धरून मागच्या मोरीवर नेलंस. राखेने माझे हात घासलेस, लाल होईस्तोवर. मग माझा ओला हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतलास. "मी उचलते ते तू उचलू नये म्हणून. घाल शपथ. दुसऱ्याचं उष्टं ताट हातात धरायचं न्हाई. कुणाचं बी." मी घातली. लग्नानंतर पहिल्याच दिवशी तुझ्या जावयाला हे सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते हसले, ताट उचलून मोरीवर गेले, आणि मरेपर्यंत स्वतःचं ताट स्वतः विसळत राहिले. असला माणूस तू बघून दिलास, त्याबद्दल कंपाउंडरच्या भीतीने तुला कधी लिहिलं नाही, ते आज लिहिते.

आता मागच्या वर्षीचं सांगते. शुक्रवारी सकाळी आम्ही अल मवालेहच्या भाजी मार्केटला जातो, लेक गाडीत बसून फोनवर बोलतो आणि मी नि पणती आत फिरतो. तिथे रत्नागिरीकडचा एक मुसलमान भाजीवाला आहे, माझ्याच वयाचा, गप्पांना पक्का. मी शेवग्याच्या शेंगा निवडत होते. तो म्हणाला, "काकी, पोरगी मोठी झाली की. आता लगीन कधी? का ओमानचा राजपुत्र बघताव?"

मी म्हटलं, "राजपुत्र कशाला, ड्यूक बघतोय."

"तो कोण आनी? दुबईचा काय?"

पणती हसली नाही. शेंग हातात घेऊन उलटसुलट करत म्हणाली, "आजी, सपोज ड्यूक मीच असले तर? आणि तो पाद्र्याचा मुलगा असेल तर?"

"तर काय. काळीज मोठं असलं की झालं."

"तो एसी टेक्निशियन आहे. सहमला असतो. तू त्याला ओळखतेस."

ओळखत होते. इथली आपली माणसं महिन्यातून एका शुक्रवारी हॉल घेऊन बुद्धवंदनेला जमतात. बहुतेक इंजिनियर, ऑफिसातली. पण काही पोरं आयटीआय करून मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन म्हणून आलेली, कंपनीच्या खोलीत चार-पाच जण राहणारी. हा त्यांतलाच एक. शाळेच्या सुट्टीत वर्गांतले एसी लावायला आला होता, तिथे दोघांचं बोलणं सुरू झालं. उंच, काळासावळा, हसला की एका गालाला खळी. सहमहून दोन-अडीच तासांवरून यायचा आणि सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या अंथरायचा.

हे तुला नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वंदनेला आम्ही सगळे एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसतो. भाषणं होतात, समतेची, आणि ती खोटी नसतात. मग जेवणं. तेव्हा इंजिनियरांची कुटुंबं भिंतीकडच्या सोफ्यांवर बसतात आणि ही पोरं वाढतात. पाणी देतात, उष्टी ताटं गोळा करतात, सतरंज्या गुंडाळतात, आणि मग मागे आपलं आपण जेवतात. असा नियम कुणी केला नव्हता. पहिल्या एकदोन वेळा पोरांनी आदराने केलं असेल, नंतर तोच पायंडा पडला. बारा वर्षं मी तिथे जातेय, माझ्या डोळ्यांना त्यात खुपण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

घरी भडका उडाला. लेक म्हणाला, "आई, तू तिला ही पुस्तकं वाचून वाचून बिघडवलीस."

"पुस्तकं तिने मला वाचून दाखवली."

"आयटीआय आहे तो. माझ्या साइटवर असता तर मला सर म्हणत उभा राहिला असता."

"मग जावई झाल्यावर पप्पा म्हणेल. तुझा काय तोटा?"

सून म्हणाली, "आई, जात आपलीच आहे, मान्य. पण लोक विचारतील ना, जावई काय करतात?"

"सांग, ओमानच्या उन्हाळ्यात लोकांना गार ठेवतो."

मी ठाम होते, माय. म्हटलं, माणूस बघा, मग बोला. लेक कबूल झाला, पण घरी बोलवायला नाही. पुढच्या वंदनेला बघू, चारचौघांत, म्हणजे कुणाला वावगं वाटायला नको. मला तर ते आवडलंच. आमच्या पुस्तकांत असंच असतं, आधी भर दिवाणखान्यात एकमेकांना बघायचं. पणतीला म्हटलं, "घाबरू नको. तुझी आजी कोण आहे?" ती म्हणाली, "एक्सपर्ट."

त्या शुक्रवारी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. सतरंजी अंथरायला गेला नाही, कारण पोरीने बजावलं होतं, आज तू पाहुणा आहेस. जेवणाला आमच्या सोफ्यापाशी खुर्ची ओढून त्याला बसवलं. बाकीची पोरं वाढता वाढता एकमेकांना कोपराने ढोसत होती. एकाने त्याच्या ताटात भात वाढताना हळूच विचारलं, "अर्बाब, आणखी वाढू?" म्हणजे मालक. तो लाजला. पण बोलला छान. लेकाने कामाचं विचारलं तर थोडक्यात, नीट सांगितलं. आईवडील परभणीकडे, बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण चाललंय. मी मनात म्हटलं, जमलं.

जेवण झालं. मी सुनेशी काहीतरी बोलत होते, लोणच्याचं असेल. आणि बोलता बोलता, बघितलं सुद्धा नाही, मी माझं उष्टं ताट त्याच्यापुढे धरलं. म्हणाले, "बाळा, एवढं घे रे."

तो उठला. ताट घेतलं. मग लेकाचं घेतलं, सुनेचं घेतलं, पणतीने स्वतःचं घट्ट धरून ठेवलं होतं ते तेवढं राहिलं. सगळी एकावर एक रचून तो मागे घेऊन गेला. परत आला तेव्हा शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. खुर्चीवर बसला नाही. सतरंज्या गुंडाळायला लागला.

गाडीत लेक खुशीत होता. म्हणाला, "बघितलंस आई? मी कशाला बोलू? तुलाच कळलं त्याची जागा कुठली ते." पणती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने एवढंच म्हटलं, "तू तर सगळी पुस्तकं वाचलीस, आजी." दोन दिवसांनी त्या पोराचा तिला निरोप आला. राग नाही कुणावर, पण जे चालणार नाही ते ओढू नये. आजींनी सुद्धा बरोबरच ओळखलं. तिने तो निरोप मला दाखवला आणि फोन घेऊन आपल्या खोलीत गेली. त्या आठवड्यात माझ्या पलंगावर पुस्तक पालथं पडलं होतं, तसंच राहिलं.

मी विचार करत बसले. काळ्या रेशमातली म्हातारी शोधायला मला इंग्लंडला जायची गरज नव्हती. तिने निदान मुद्दाम बोलून दाखवलं असतं. मी तर लोणच्याच्या नादात एका माणसाचं लग्न मोडलं. आणि तुझी शपथ, माय. न उचलण्याची शपथ मी इतकी इमानाने पाळली की दुसऱ्याने उचलावं याची सवय कधी लागली ते कळलंच नाही. तू राखेने माझे हात घासलेस ते मी उचलू नये म्हणून, पण कुणाच्या तरी पोराला उचलायला लावावं म्हणून नक्कीच घासले नव्हतेस.

शुक्रवार आला. मी साडी बदलून लेकासमोर उभी राहिले. "मला सहमला ने."

"कशाला?"

"माझं ताट राहिलंय तिथे."

त्याला काही कळलं नाही, पण माझा आवाज त्याला कळतो. सूनही निघाली. पणती मागे बसली आणि फोनवर कुणालातरी पत्ता विचारून घेतला. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला खजुरांच्या बागा. खाबुराच्या पुढे लेक म्हणाला, "आई, अजून विचार कर." मी म्हटलं, "विचार करायला मी तुझ्यासारखी इंजिनियर आहे का? चल."

खोली एका टायरच्या दुकानावर होती. चार पलंग, मध्ये वर्तमानपत्रं अंथरलेली, कोपऱ्यात गॅस. चारही पोरं बनियनवर, जेवणाची तयारी चालली होती. दारात आम्हाला बघून एकाच्या हातातून पळी पडली. आपला तो पोरगा उठून शर्ट शोधायला लागला. लेकाला बघून सगळे, "सर, सर, बसा सर." बसायला पलंगच. मी पलंगावर बसले नाही, खाली वर्तमानपत्रापाशी बसकण मारली. गुडघे बोलले, पण बसले. म्हटलं, "काय केलंय?"

"चिकन आहे आजी. तिखट आहे."

"मग वाढ. आणि तूही बस. माझ्यासमोर बस."

सगळे जेवलो. तिखट खरंच होतं, लेकाच्या डोळ्यांत पाणी आलं. एसीचा तेवढा आवाज येत होता, आणि तो एसी, तुला सांगते, बर्फासारखा गार होता. जेवणं झाली. तो ताट घेऊन उठणार तेवढ्यात मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याचं ताट उचललं. उष्टं, हाडं बाजूला सारलेलं, कडेला कांद्याची फोड राहिलेलं. माझ्या ताटावर ठेवलं. म्हटलं, "त्या दिवशीचं माझ्या अंगावर होतं."

"आजी, नको ना, प्लीज."

"गप बस. मी तुझ्या होणाऱ्या बायकोची आजी आहे."

पणती रडत होती की हसत होती, ते तिचं तिला माहीत. मी भिंतीला धरून उठायला लागले. तेवढ्यात लेकाने माझ्या हातातली ताटं घेतली. म्हणाला, "आई, दे इकडे, पडशील." मोरीपर्यंत गेला आणि तिथून पाठमोराच म्हणाला, "साबण कुठे ठेवता तुम्ही?" पोरं धावली, "सर, ठेवा, सर," तर म्हणाला, "अरे सांगा की कुठंय ते." एवढंच.  परतीच्या वाटेवर बर्काला तो म्हणाला, "परभणीला फोन करावा लागेल." सून म्हणाली, "आधी मला साडीचं बघू दे."

लग्न झालं, माय. पांढऱ्या कपड्यांत, साधंच. दोघं आता सहमलाच एका छोट्या फ्लॅटमध्ये राहतात, ती तिथल्या शाळेत लागली. वंदनेला आता ज्याने त्याने आपलं ताट उचलायचं असं ठरलंय. सोफ्यावरचे दोघे-तिघे अजून ताट हातात धरून इकडेतिकडे बघतात. मी त्यांच्याकडे बघते, मग उठतात.

शपथ मोडली मी तुझी, तुझ्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. तूही असतीस तर मोडायला लावली असतीस, असं मी खात्रीने म्हणते. सांगायची आहे ती दुसरीच गोष्ट. तू चुलीपुढे बसून एकदा विचारलंस, "मंग, झालं का लगीन त्या पोरीचं?" मी म्हटलं, झालं. मोठ्या चर्चमध्ये झालं, म्हातारी स्वतः पुढच्या बाकावर बसली. तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "पुस्तकात व्हतंय. पुस्तकाला कुठं सासू असती." माय, त्या पुस्तकाला शेवटची पानंच नव्हती. रद्दीत टाकण्याआधीच कुणी फाडली असतील. ड्यूक पायऱ्या उतरतो तिथे ते संपत होतं. लग्न झालं हे मी माझ्या मनाने सांगितलं होतं.